पोलिक्सेनीबाईचा पाहुणचार

तर काल आपण पोलिक्सेनीबाईला कुठं सोडलं? शाळेच्या गळक्या वर्गात, शिडीवर. हातात लग्नातला लोकरी गालिचा, ओठांत खिळे, आणि खाली सोतिरिस मास्तर कपाळ बडवून घेताहेत.

"अहो बाई, छताचा तो डाग झाकू नका! तोच तर दाखवायचाय!"

"कुणाला? पाहुण्यांना?" खिळे न काढताच बाई गुरकावली. "तुम्ही पडलात शहरातले, मास्तर. तुमच्याकडे पाहुण्याला गळकं छप्पर दाखवत असतील. आमच्याकडे जेवायला घालतात."

आता मास्तरांचंही चूक नव्हतं. पिंडोस डोंगरातलं हे गाव पाथरवटांचं. इथल्या शाळेत पोरं दगड घडवायला शिकायची, आणि दर वसंतात त्यातली दोघं-तिघं युरोपच्या पैशानं पोर्तुगालच्या पाथरवट शाळेत जायची; तिकडची इकडे यायची. पोलिक्सेनी शाळेची स्वयंपाकीण. तिची नात फानी, गावात छिन्नी धरलेली पहिली मुलगी, येत्या वसंतात जाणार होती. पण नव्या वाटपात पैसा आखडणार होता म्हणे. जिथं खरी नड, तिथंच जाणार. ती नड बघायला पैसा वाटणाऱ्या कचेरीची दोन माणसं यायची होती. मास्तरांनी घरोघरी बजावलं होतं, "जसं आहे तसं दिसू द्या."

जसं आहे तसं! पाहुणे यायचे म्हटल्यावर या गावाला असं सांगणं म्हणजे नवरीला पारोशी बस म्हणण्यातला प्रकार. पेट्यांतून आयांच्या हुंड्यातले गालिचे निघाले. कुणी ठेवणीतला बकरा कापला. वर्ग गरम ठेवणारा शाळेचा बंब बंद, तर घराघरांतून शेगड्या आल्या. पोलिक्सेनीनं परातीच्या पराती पापुद्रेदार पोळ्या भाजल्या, आत रानभाजी आणि चीज.

पाहुणे आले. एक उंच बाई, एक चष्मेवाला पोरगेला साहेब. जेवले, द्राक्षाची घरची दारू प्यायले, क्लॅरिनेटवर नाचलेसुद्धा. मास्तर छताकडे बोट करायला गेले की कुणीतरी त्यांच्या तोंडात घास कोंबायचं. निघताना उंच बाईनं पोलिक्सेनीचा हात धरला. "इतकं भरलेलं गाव मी कुठं पाहिलं नाही." ते वाक्य पोलिक्सेनी आठवडाभर मिरवत होती.

बर्फ पडायला लागलं तेव्हा मास्तरांना फोन आला. गाव आपल्या पायांवर उभं आहे, पैसा जास्त अडलेल्यांना दिला.

मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी तेवढं सांगितलं. बाईचे हात पिठात होते, ते तसेच राहिले.

वसंत आला, पोर्तुगालची पोरं आली नाहीत, फानीचं तिकडं जाणंही राहिलं. फानीनं छिन्नी-हातोडा चुलतभावाला देऊन टाकला. अथेन्सला मामाच्या खानावळीत भांडी घासायला माणूस हवं होतं.

सकाळच्या बसपाशी दोघीच उभ्या होत्या.

"घरी जा आजी. गारठलीस."

"तू बस आधी."

फानीनं पाय पायरीवर ठेवला, मग मागं वळली. "आजी, खरं सांग. तेव्हा मास्तरांचं ऐकलं असतंस तर?"

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पोलिक्सेनीनं नातीच्या कोटाचं वरचं बटण लावलं, आणि म्हणाली, "दारात आलेल्याला उपाशी धाडणं मला या जन्मात जमलं नसतं, पोरी. पण तो पाहुणचार तुलाच घेऊन जाणार आहे, हे कुणीतरी मला सांगायला हवं होतं गं. मी चूल पेटवलीच नसती. मरियामाउलीची शपथ, पेटवलीच नसती."