एका खोलीतले दोन आबा

दवाखान्यात पेशंटच्या बाबतीत काही चुकलं, तर ते का चुकलं हे शोधायचं, असं माझं काम. शिरूरमध्ये अजून कुणाला ते धड समजलेलं नाही. सासूबाई सांगतात, "ती डॉक्टर लोकांच्या चुका काढती." शेजारणीला वाटतं मी पोलिसात आहे. खरं तर मी आधी नर्स होते. आणि चूक शोधायला फारसा वेळ लागतच नाही. वेळ जातो तो तिचं खापर भलत्याच्या डोक्यावर फुटू नये म्हणून भांडण्यात.

त्या दिवशी न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे उतरले आणि दौंड तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात पोचले. दवाखाना चालवणाऱ्या कमिटीच्या अध्यक्षांनी चहा मागवला आणि चहा यायच्या आधीच निकाल सांगितला.

"मॅडम, पोरीची चूक हाय. तिनं कबूल बी केलंय. तुम्ही फकस्त तसं लिहून द्या, म्हंजी आम्ही तिला काढायला मोकळं."

माझं डोकं तिथंच तापलं. तपास करायला बोलावलं होतं की अंगठा उठवायला?

घडलं होतं ते असं. जनरल वॉर्डातल्या एका खोलीत दोन म्हातारे होते. एकाला मधुमेह, त्यांना जेवणाआधी इन्सुलिन लागायचं. दुसरे तापाने आलेले, अन्नावरची वासना उडालेली. सिस्टर त्याच सकाळी दुसऱ्या वॉर्डातून बदलीवर आली होती. दाराजवळच्या कॉटपाशी जाऊन तिने विचारलं, "आबा, तुमचंच इंजेक्शन ना?" आबा व्हय म्हणाले. ते तापाचे आबा निघाले. थोड्या वेळाने त्यांची सून ओरडत बाहेर आली, तेव्हा ते घामाने निथळत होते आणि हाकेला ओ देत नव्हते. ग्लुकोज दिलं, म्हणून वाचले.

नाव विचारायला हवं होतं, यात वादच नाही. मी सिस्टरला तेच म्हणाले. रडून तिचे डोळे सुजले होते. असा ठपका घेऊन बाहेर पडली, तर तिला दुसरा कुठलाही दवाखाना दारात उभं करणार नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

"मॅडम, नाव घ्यायला बंदी हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, घाबरून काहीतरी बोलतेय. पण वॉर्डात शिरल्या शिरल्या समोरच पाटी होती, फ्रेम करून लावलेली: वडीलधाऱ्या पेशंटला नावाने हाक मारू नये, आबा, आप्पा, मामा, मावशी असे आदराने बोलावे. खाली अध्यक्षांची सही. कुणा पुढाऱ्याच्या वडिलांना एका सिस्टरने वॉर्डात पूर्ण नावाने हाक मारली होती, त्यांना ते लागलं, आणि दुसऱ्या दिवशी पाटी आली. मी अध्यक्षांना विचारलं, मग मनगटाला नावाचा पट्टा तरी?

"आवो, आपल्या माणसाला पट्टा कशाला बांधायचा? तो काय गोठ्यातला बैल हाय? आमच्याकडं सगळं घरच्यासारखं असतंय."

घरच्यासारखं! घरात कुणी इन्सुलिनची सुई घेऊन फिरत नाही हो, असं मी बोलले, आणि आवाज चढवूनच बोलले. पट्ट्यांचे खोके स्टोअरमध्ये धूळ खात पडले होते, सील न फोडलेले.

तापाचे आबा तोवर उठून बसले होते. त्यांना विचारलं, तुम्ही व्हय का म्हणालात?

"पोरगी आबा म्हनली. येवढ्या मायेनं इचारलं तर न्हाई कसं म्हनायचं? म्हनलं, डॉक्टरनं लिहिलं असंल." आणि वर म्हणाले, "तिला काय करू नका बरं का. लई गुणाची हाय."

मी अहवालात सरळ लिहिलं: पाटी काढा, पट्टे बांधा, नाव पेशंटच्या तोंडून वदवून घ्या, आणि या चुकीसाठी एकट्या सिस्टरला जबाबदार धरू नका. तो घेऊन कमिटीच्या बैठकीला बसले. अध्यक्षांनी तो चाळला आणि बाजूला ठेवला. पट्ट्यांचं बघू म्हणाले. पण आबांच्या गावात बोभाटा झाला होता, तिथं जाऊन सांगायला कुणाला तरी काढलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं. मी उभी राहून विरोध केला. "तुमचं म्हणणं ऐकलं मॅडम, बसा," एवढंच उत्तर मिळालं. मी बसले नाही.

मग अध्यक्ष ठराव सांगू लागले. "लिहा, जनरल वॉर्डच्या सिस्टर..." आणि अडले. त्यांनी मेट्रनकडे पाहिलं. मेट्रनने डॉक्टरांकडे. डॉक्टर गेली कित्येक वर्षं आधीच्या वॉर्डात तिच्यासोबत राऊंड घेत होते. ते मोबाईलमध्ये बघू लागले. तिला सगळे 'सिस्टर' म्हणायचे, फार तर 'ए पोरी'. मला नाव माहीत होतं. मी सांगितलं नाही. बघू, किती वेळ शोधतात.

शेवटी ऑफिसात फोन लावला. पलीकडून नाव आलं, तसं अध्यक्षांनी ते वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट मोठ्याने उच्चारून लिहून घ्यायला सांगितलं. त्या दवाखान्याने तिचं पूर्ण नाव पहिल्यांदा घेतलं, ते तिला काढून टाकायला.