घरून जेवून निघालो

गरीब माणसाच्या घरी जेवायला जायचं तर घरून पोटभर जेवून निघावं, असं माझं ठाम मत होतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मीच विचार करून ठरवलं होतं. (मी विचार करून ठरवलेल्या गोष्टींची आमच्या घरात वेगळीच दहशत आहे.)

तेव्हा मी पिंपरीच्या एका कंपनीत स्टोअरला होतो आणि चिंचवडला दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको राहत होतो. नव्या स्कूटरसाठी नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं वाट बघायची, तो काळ. मला तेवढा दम निघाला नाही म्हणून मी जुनी स्कूटर घेतली, आणि मग रोज रस्त्याच्या कडेला तिच्याशेजारी उभा राहून वाट बघू लागलो. दरवेळी तिथून माझी सुटका करायचे महबूबभाई.

महबूबभाई लातूरकडचे. पोटापाण्यासाठी इकडे आलेले, माझ्याच वयाचे, बोलायला अगदी मऊ. त्यांचं गॅरेज म्हणजे हायवेलगत बाभळीखाली उभे केलेले चार पत्रे. धंदा असा की गिऱ्हाइकांपेक्षा बकऱ्या जास्त यायच्या. तरी माझ्याकडून किरकोळ कामाचे पैसे ते कधी घेत नसत. पुढे त्यांनी काळेवाडीत स्वतःची एक खोली बांधली आणि आम्हाला जेवायला बोलावलं. आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून त्यांनी मुद्दाम गुरुवारच धरला.

"गुरुवार पाळत नाही ना साहेब? मटण करावं म्हणतोय," त्यांनी विचारलं.

"आमच्यात वार-बिर काही नाही," मी मोठ्या मनानं सांगितलं.

घरी आल्यावर मात्र मला काळजी लागली. खोली बांधून या माणसाचा खिसा आधीच रिकामा झालेला. त्यात मटण. आपण चार घास कमी खाल्ले तर तेवढंच त्यांच्या मुलांच्या ताटात पडेल. पण समोर मटण आल्यावर कमी खाणं हे माझ्या स्वभावात नाही, हेही मला ठाऊक होतं. तेव्हा भूकच घरी ठेवून जायची, असं मी ठरवलं. माझी बायको सुमती म्हणाली की हा शुद्ध वेडेपणा आहे. मी तिला म्हणालो की दुसऱ्याच्या परिस्थितीची जाण ठेवणं प्रत्येकाला जमत नाही.

त्यात आदल्या संध्याकाळी कऱ्हाडहून माझे मामा आले. मामा म्हणजे सरळ माणूस, आडव्या बांध्याचा. जेवायला बसले की ते बोलत नाहीत आणि वाढणाऱ्याला बसू देत नाहीत. महबूबभाईंना निरोप धाडला तर ते म्हणाले, मामांनाही आणा. म्हणजे आता तीन पोटं आधीच भरायची होती. मामा आले म्हणून सुमतीनं पुरण घातलंच होतं. मी मामांना आग्रह करकरून पोळ्या वाढल्या आणि त्यांना सोबत म्हणून स्वतःही खाल्ल्या. तुपाला कुठंही हात आखडला नाही. उठताना मला जमिनीचा आधार घ्यावा लागला, तेव्हा बेत तडीस गेल्याची खात्री पटली.

वाटेत मी मामांना बजावलं की तिथं फार खायचं नाही, नुसतं ताटावर बसायचं. मामा म्हणाले, "तू म्हनशील तसं."

काळेवाडीत शिरलो आणि वास आला. महबूबभाई दारातच उभे होते, पांढरा स्वच्छ सदरा घालून. त्यांचे हात मी पहिल्यांदाच त्यांच्या मूळ रंगात पाहिले. आत खोलीभर धुतलेली चादर अंथरलेली होती. स्टीलची ताटं इतकी नवी की एकावर अजून दुकानाची चिठ्ठी चिकटलेली. पडद्यामागून त्यांची बायको रशीदाभाभी एकेक भांडं पुढं सरकवत होत्या: बिर्याणी, रस्सा, कलेजी, दह्यातली कोशिंबीर, आणि झाकलेल्या पातेल्यात खीर. महबूबभाईंच्या म्हाताऱ्या अम्मा वाढायला बसल्या होत्या. त्या सकाळपासून चुलीपुढं होत्या, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

मी म्हणालो, अगदी थोडं वाढा. अम्मांनी बिर्याणीचा डोंगर वाढला. मी त्याच्या पायथ्याशी चार शितं इकडची तिकडे केली. सुमती कोशिंबिरीशी खेळत होती. मामा तर हात मांडीवर ठेवून, ताटाकडे बघत स्वस्थ बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते दुःख मी त्यांच्या घरचा बैल गेला त्या वेळीही पाहिलं नव्हतं.

"कामून हो मामा, हात का थांबला?" अम्मांनी विचारलं.

मामा सरळ माणूस. "न्हाई, भाच्यानं सांगितलंय, हितं जास्त खायचं न्हाई म्हनून," ते म्हणाले.

पडद्यामागची भांडी वाजायची थांबली. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी बोललो. (अशा वेळी काहीच बोलू नये, हे मला नंतर सुचलं.) मी म्हणालो, मामांचा गुरुवारचा उपवास असतो. महबूबभाईंनी माझ्या ताटाकडे पाहिलं. मग मी म्हणालो, हल्लीच माझाही सुरू झालाय. मग त्यांनी सुमतीच्या ताटाकडे पाहिलं.

"मी विचारलं होतं साहेब," ते हळूच म्हणाले.

त्यांनी खाली वाकून माझ्या ताटाशेजारचा तांब्या उगाच सरळ केला.

"आमच्या हातचं चालत नाही, हे आधी सांगायचं होतं. कोरडा शिधा दिला असता. तुमच्यातल्याच एखाद्या बाईंना बोलावून शिजवून घेतला असता. आम्हाला राग नसता आला."

हे ते अजिबात आवाज न चढवता म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. रशीदाभाभींनी पडद्याआडून हात काढून खिरीचं पातेलं हळूच आत ओढून घेतलं. अम्मा डाव हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"नाही हो भाईसाब," सुमती घाईनं म्हणाली, "तसलं काही नाही. आम्ही घरून जेवून आलो."

"जेवून?" अम्मा म्हणाल्या. "जेवायला बोलावल्यावर? कामून?"

या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. 'तुमचं चालत नाही' असं वाटू देणं वाईट, आणि 'तुमच्याकडे नाही म्हणून' असं सांगणं त्याहून वाईट. दोन्हींच्या मधली जागा शोधली, तिथं बिर्याणी होती. मी ताट पुढं ओढलं आणि म्हणालो, "भाभी, रस्सा वाढा. आणि खीर बाहेर आणा."

मामांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "आता खायाचं व्हय?"

"खा," मी म्हणालो.

मामांनी सकाळपासून अन्न पाहिलं नसल्यासारखी सुरुवात केली. पण मामांच्या खाण्यानं काही सिद्ध होत नव्हतं. सगळं घर माझ्या घासाकडे बघत होतं. मी एक डोंगर संपवला, अम्मांनी दुसरा उभा केला. नाही म्हणायची मला सोय राहिली नव्हती. मी थांबलो की पडद्यामागं शांतता पडायची आणि घास घेतला की भांडी वाजायची. दुसऱ्या डोंगराच्या मध्यावर महबूबभाई हसले आणि स्वतःचं ताट घेऊन माझ्याशेजारी बसले. मला इतका आनंद झाला की मी आणखी रस्सा मागितला. अम्मांनी नळीचं हाड मुद्दाम माझ्यासाठी राखलं होतं. शेवटी खिरीची वाटी आली. तिच्यावर पुन्हा एक वाटी आली. पोटात खाली पुरण, वर बिर्याणी, तिच्यावर खीर, असे थर लागले.

हात धुवायला उठलो आणि खोली माझ्याभोवती फिरली. पुढचं मला तुटक आठवतं. घरात एकच खाट होती, तिच्यावर मी होतो. अम्मा ओवा चघळायला देत होत्या. महबूबभाई सोडा आणायला धावले, नंतर कंपाउंडरला घेऊन आले. त्यानं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "काय खाल्लंय?" मी पहिल्यापासून सांगायला लागलो तर त्यानं मध्येच हात जोडले.

घरी जातो म्हणालो तर कुणी ऐकेना. या अवस्थेत पाहुणा उंबऱ्याबाहेर जाऊ देणार नाही, असं अम्मांनी जाहीर केलं. मग मी राहिलो, माझ्या सेवेला सुमती राहिली आणि सोबतीला मामा राहिले. मला मऊ भात आणि ताक. बाकीच्यांना रीतसर स्वयंपाक. मामांना तर दुसऱ्या दिवशी अंड्याची पोळीही झाली. गॅरेज बंद ठेवून महबूबभाई माझ्या उशाशी. एका जेवणाचा खर्च वाचवायला निघालेला मी, त्या घरात दोन दिवस सहकुटुंब पोसला गेलो.

दुसऱ्या दुपारी सुमतीनं पडद्याआड रशीदाभाभींना खरं कारण सांगून टाकलं. दोघी बराच वेळ हसत होत्या. माझ्या पोटावर गरम वीट ठेवलेली असल्यामुळे मला त्यात भाग घेता आला नाही. ते महबूबभाईंच्या कानावर गेलं, तेव्हा ते वीट नीट करत म्हणाले, "साहेब, आमची परिस्थिती आम्हाला काय माहीत नाही? त्या परिस्थितीला विचारूनच बोलावलं होतं तुम्हाला."

मी मान हलवली. वीट घसरली. त्यांनी ती परत ठेवली.

राहता राहिली कंपनी. माझी शिफ्ट बुडाली होती, तेव्हा बिचारे महबूबभाई स्वतःच गेटवर निरोप द्यायला गेले. पाहुण्याला आपल्या घरच्या जेवणानं त्रास झाला, असं सांगायला त्यांचं मन धजेना. म्हणून त्यांनी वॉचमनला एवढंच सांगितलं: "साहेब काल आमच्याकडं जेवायला आलेत. अजून उठले नाहीत."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत हे सगळ्या शॉपमध्ये पसरलं. पुढं मी त्या कंपनीत निवृत्त होईपर्यंत होतो, पण लग्नाची पत्रिका माझ्या हातात देताना प्रत्येकानं मला एकच गोष्ट विचारली: "साहेब, मुक्काम किती दिवस?"