चार बटणं, एकच पंप

व्हिएतनाममधल्या दालातच्या उतारावरचं धुकं अजून हललं नव्हतं. हिएन भाताची पेज ढवळत होती आणि सासूबाई फोनवर सायगावच्या लेकीशी, लुआशी, लाडात बोलत होत्या. तेवढ्यात दार धडधडलं.

"लुआचा फोन कधीचा लागत नाहीये!" शेवंतीवाल्या साउकाकू चिखलाच्या बुटांनीच आत शिरल्या. "कुठलंही बटण दाबा, पाणी आपलं चौथ्याच पॉलीहाऊसात! तिथं तळं झालंय. बाकी तिन्हींतल्या कळ्यांनी माना टाकल्यात. आणि नव्या वर्षाचा तेतचा सण बारा दिवसांवर!"

काकू दारात आल्या त्याही लुआसाठी, हे हिएनला बरोबर टोचलं. सहा वर्षं काकूंचे चारही पंप हिएननं घरी बसून केलेल्या मोबाइलवरच्या वेब-पानावरून चालले. बटणं राखाडी, पण ओल्या बोटानंही दबायची. मग गेल्या महिन्यात नणंदबाई आल्या, काकूंच्या मोबाइलवर फुलाफुलांची बटणं मांडून गेल्या. सासूबाईंनी त्याचा फोटो गल्लीभर पाठवला. हिएनच्या पानाचा फोटो कुणी काढला नव्हता.

"वहिनीला बघू दे ना," फोनमधून लुआ म्हणाली. "कालच मी प्रोग्राम आटोपशीर केलाय."

"तिला काय कळणार? तिची बटणं म्हणजे नुसत्या विटा!" सासूबाई हसल्या.

हिएननं पेजेखालचा गॅस बंद केला, लॅपटॉप उघडला आणि तिसऱ्या मिनिटाला तिला चूक दिसली. प्रोग्राममध्ये प्रत्येक पंपाचा आपापला ऑब्जेक्ट, म्हणजे त्या पंपाचा प्रोग्राममधला प्रतिनिधी, होता. आधी चार ओळींत चार बटणं त्यांना जोडलेली होती. काल लुआनं ते काम एका लूपमध्ये, म्हणजे एकच ओळ चार फेऱ्या मारेल अशा रचनेत, बसवलं आणि चारही पंपांना आळीपाळीनं एकच नाव दिलं. लूप संपला तेव्हा ते नाव चौथ्या पंपाला चिकटून राहिलं, आणि चारही बटणं त्याच नावाला हाक मारत होती.

हिएनला आतून गुदगुल्या झाल्या. म्हणावं, 'शहाणीलाच विचारा.' लॅपटॉप मिटायला हातही गेला. पण काकूंच्या बुटांना शेवंतीची पानं चिकटली होती, पार सुकलेली. तिनं एक शब्द बदलला. आता लूपच्या प्रत्येक फेरीत नाव नवं, बटणागणिक पंप वेगळा.

मग ती काकूंबरोबर मळ्यात गेली. "दाबा एक!" पहिल्या पॉलीहाऊसातून ती ओरडली, आणि अंगावर फवारा आला. दोन, तीन, चार. सगळं जिथल्या तिथं. भिजलेली हिएन बाहेर आली तर काकू मोबाइलवर बोट फिरवत होत्या.

"लुआला कळवते, तुझं पान पुन्हा झकास चालतंय म्हणून!"

हिएननं कपाळावरचं पाणी पुसलं.

"काकू, एवढंच करा. तिला सांगा, हे हिएननं दुरुस्त केलं."