बिको ढवळणाऱ्या गिरजाबाई

गिरजाबाईंना मारून धड घरी गेलेला माणूस नागपुरात शोधून सापडला नसता. खानावळ चालवायच्या. दारू पिऊन अंगावर आलेल्या नवऱ्याचा हात त्यांनी वरवंट्यानं मोडला आणि मग स्वतःच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. एका ठेकेदारानं पोळ्या लाटणाऱ्या पोरीला हात लावला, तर त्याचं मुंडकं गरम भाताच्या पातेल्यात दाबलं. आता बोला!

अशी ही बाई पासष्टाव्या वर्षी अमेरिकेत बॉथेलला लेकाकडे आली. लेक रवी सॉफ्टवेअरमधला, अगदी गरीब गाय. पार्कमध्ये कुत्र्याला लाथ घालणाऱ्या एका गोऱ्याच्या गिरजाबाईंनी कानाखाली वाजवली, पोलीस दारात आले, तेव्हा रवीनं आईपुढे हातच जोडले.

"आई, प्लीज. आता कुणावर हात उचललास तर तिकीट काढून परत पाठवीन. माझं ग्रीन कार्ड अडकलंय."

त्यांनी नातीची, दीक्षाची शपथ घेतली आणि घरात बसून राहिल्या. बसून बसून जीव नकोसा झाला, तेव्हा शेजारची पेर्ला भेटली. फिलिपिन्सची, त्यांच्याच वयाची. भाषेच्या नावानं बोंब. दोघी हातवाऱ्यांनीच बोलायच्या. दर शनिवारी पेर्ला चर्चसाठी बिको करायची, म्हणजे चिकट तांदूळ नारळाच्या दुधात आणि काळपट साखरेत आटवून थापलेल्या वड्या. पहिल्यांदा गिरजाबाईंनी नारळीभाताच्या सवयीनं दाणा न् दाणा मोकळा ठेवला, वर वेलची घातली. पेर्ला पोट धरून हसली. अहो, याला चिकटायचंच असतं! मग ढवळायचं काम गिरजाबाईंकडे आलं, कारण तसे दंड त्या गल्लीत दुसऱ्या कुणाचे नव्हते. आठवडाभर गिरजाबाई शनिवारचीच वाट बघायच्या.

एका शनिवारी दुपारी दूध-साखरेचा पाक रटरटत होता आणि पेर्लाचा मुलगा डॅनिलो आत घुसला. पस्तिशीचा धटिंगण, नशेत तर्र. आईच्या गाडीची किल्ली हवी होती. तिनं नकारार्थी मान हलवली. त्यानं तिचा हात पिरगाळला. गिरजाबाई दातओठ खात ढवळत राहिल्या. त्यानं आईला भिंतीवर आपटलं.

"काऊन रे पोट्ट्या!" त्या ओरडल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. शपथ होती ना! मग डॅनिलोनं पेर्लाच्या तोंडावर बुक्की हाणली. दात तुटला, रक्त फरशीवर सांडलं, आणि तो पुन्हा मूठ वळू लागला.

गेली शपथ चुलीत. गिरजाबाईंनी पाकानं माखलेला लाकडी कालथा सर्रकन वर काढला आणि त्याच्या थोबाडावर हाणला. एकदा, दोनदा. उकळता पाक गालाला चिकटला तो सुटेना. त्यानं हातानं ओरबाडला तर कातडीच सोलून आली. गुरासारखा ओरडत तो खाली कोसळला. गिरजाबाईंनी तिसऱ्यांदा कालथा उगारला, तोच मागून कुणीतरी त्यांचे केस धरून ओढले.

पेर्ला! ओठातून रक्त गळतंय, एक डोळा सुजलाय, आणि ती गिरजाबाईंना मारतेय. थोबाडीत, छातीवर, मिळेल तिथं. "माय सन! माय सन!" त्यांना ढकलून ती पोराशेजारी बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओल्या फडक्यानं गाल टिपू लागली. "गो! नेव्हर कम!"

एका फटक्यात पेर्ला आडवी झाली असती. पण गिरजाबाईंचा हातच उठेना. आपल्या रवीचं तोंड कुणी असं भाजलं असतं, मग तो कितीही नालायक असो, तर आपण थपडांवर थांबलो असतो का?

घरी येऊन त्यांनी रवीला सगळं सांगून टाकलं. बाहेर सायरन वाजायला लागलाच होता. तो डोकं धरून खाली बसला.

"तिकीट काढ," गिरजाबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. "शनिवारी मी आता कुठं जाऊ रे?"