तळ्याकाठचा अर्धा तास

परवा एका लग्नात कुणीतरी हातावर हिना अत्तर लावलं आणि मला पनवेलमधली, नव्वद सालाच्या आसपासची एक संध्याकाळ आठवली.

आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. हे ऑफिसातून रोज अर्धा तास उशिरा येत आणि शर्टाला हाच वास असे. विचारलं की म्हणत, "एसटी उशिरा आली." मला काही ते पटेना. शेवटी एकदा मी स्टँडपासून त्यांच्या मागोमाग गेले.

हे तळ्याकाठी एका म्हाताऱ्या अत्तरवाल्या चाचांशेजारी जाऊन बसले. दोघंही समोरच्या झाडाकडे बघत होते. मी पुढे झाले. "काय चाललंय इथे?"

हे गडबडले. चाचा म्हणाले, "बैस बेटी, आत्ता बगळे येतील."

खरंच आले. अख्खा थवा समोरच्या झाडावर उतरला, झाड क्षणभर पांढरं झालं, मग अंधारलं.

"एवढ्यासाठी खोटं बोलत होतात?"

"खरं सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतास?"

तेव्हा मी फणकारले. आज कबूल करते, नसता ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी यांच्या आधीच तिथे जाऊन बसले.

"पहारा का?" यांनी विचारलं.

"नाही, बगळे," मी म्हणाले.

त्यांना ते मुळीच खरं वाटलं नाही.