आप्पांची दुसरी चावी

आप्पा सकाळचा चहा गाडीत बसून प्यायचे. गाडी अंगणातच उभी असायची, इंजिन बंद, जायचं कुठेच नसायचं. तरी हे गृहस्थ बशी सांभाळत आत शिरणार आणि समोरच्या काचेतून केडगावचा रस्ता बघत भुरके मारणार. बरं, बसायचे तेही स्टिअरिंगपुढे नाही, शेजारच्या डाव्या सीटवर. त्या डाव्या दाराची बाहेरची मूठ एका लग्नात कुणीतरी जोर लावून तोडली होती, त्यामुळे ते दार फक्त आतून उघडायचं. म्हणून आप्पा उजवीकडून शिरत, गिअरच्या दांड्यावरून एक पाय टाकत, पायजमा सावरत, कण्हत-कुंथत डावीकडे सरकत. एवढी कसरत बघून मी एकदा म्हणालो, "आप्पा, मूठ बसवून घेऊ का? फार खर्च नाही."

"कशाला? मिल्या आतनं उघडून देतोय की."

मिल्या म्हणजे मिलिंद, त्यांचा एकुलता एक मुलगा. तो घर सोडून हैदराबादला गेला त्याला तेव्हा बराच काळ लोटला होता.

यशवंत आप्पा कुरकुंभच्या एका औषधांच्या कंपनीत ऑपरेटर होते आणि मी त्यांच्या हाताखाली. मी खुटबावहून मोटारसायकलवर केडगावला यायचो, ती त्यांच्या अंगणात लावायचो आणि पुढे आप्पांच्या गाडीतून शिफ्टला. मी डाव्या दारापाशी जाऊन उभा राहिलो की आप्पा आतून वाकून दार उघडायचे आणि रोज तेच म्हणायचे, "या साहेब." साहेब कसला, पहिली दोन वर्षं माझ्या प्रत्येक कामात चुका काढण्यात या माणसाचा जन्म गेला. सगळ्यात मोठा जाच चावीचा. आमच्या सेक्शनला पटकन पेट घेणारा सॉल्व्हंट हवेत उडायचा, म्हणून मोबाईल, लायटर आणि रिमोटची चावी गेटवरच्या कप्प्यात ठेवून आत जायचं असा नियम होता. आप्पा गेटवर उभे राहून आमचे खिसे चाचपायचे. "ठिणगी तुझं नाव इचारून पडत न्हाई," असं प्रत्येकाला ऐकवायचे. आम्ही पाठीमागे त्यांना सिक्युरिटीवाले आप्पा म्हणायचो आणि ते त्यांना ठाऊक होतं.

गाडी त्यांनी नवी कोरी घेतली होती. वस्तीतली पहिली गाडी. बुद्धविहारासमोर उभी करून मेणबत्त्या लावल्या, पेढे वाटले आणि शोरूमने दिलेल्या दोन चाव्यांपैकी एक तिथल्या तिथे मिलिंदच्या हातावर ठेवली. "एक तुझी, एक माझी. मागाय लागू नको." मिलिंद तेव्हा नुकताच कॉलेजमधून बाहेर पडला होता. सुट्टीच्या दिवशी तो गाडी चालवायचा आणि आप्पा डाव्या दाराशी उभे राहायचे, लेकाने आतून वाकून दार उघडायची वाट बघत. तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा मालकाचा व्हायचा.

बिघडलं ते नोकरीवरून. आप्पांनी साहेबांच्या हातापाया पडून मिलिंदला आमच्याच कंपनीत चिकटवला. पोराच्या अंगावर पुरळ उठायचं, वासाने जेवण जायचं नाही. त्याला हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम शिकायचं होतं, तसं त्याने सांगितलंही होतं. एक दिवस तो न विचारता राजीनामा देऊन आला. मी तेव्हा अंगणातच मोटारसायकल काढत होतो. आप्पा ओट्यावरून एवढंच म्हणाले, "माझ्या शब्दाची माती केलीस. आजपासनं माझ्या गाडीला हात लावू नको." मिलिंद बॅग भरून निघून गेला. रागाच्या भरात आप्पा त्याच्याकडून चावी मागायची विसरले. का मुद्दामच मागितली नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्यानंतर बापलेक बोलले नाहीत. मिलिंद आईला, ताराकाकींना, फोन करायचा. फोन आला की आप्पा उठून बाहेर जायचे आणि खिडकीखालीच कुंडीतली पानं वेचत बसायचे.

आणि मग आप्पा रिटायर झाले त्या दिवशी त्यांनी स्वतःची चावी घालवली. तीही कशी, तर आयुष्यभर आम्हाला शिकवलेला नियम मोडून. निरोपाचे पेढे गाडीत राहिले होते. ते आणायला आप्पा कामाच्या सूटमध्येच बाहेर गेले, पेढे घेतले आणि त्या गडबडीत चावी सूटच्या खिशात टाकून आत आले. त्या दिवशी त्यांचे खिसे चाचपायला गेटवर कोण असणार? सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, सूट काढून त्यांनी जमा केला. आमच्या सेक्शनचे जुने सूट पुन्हा कुणाला देत नाहीत, पिशवीत सील करून जाळायला पाठवतात. शाल पांघरून आप्पा गाडीपाशी आले, खिसे चाचपले आणि जागीच थांबले. आम्ही धावत आत गेलो, तोवर पिशवी गेली होती. आप्पांची गाडी त्या संध्याकाळी क्रेनवर चढून केडगावला आली. शेजारपाजारचे लोक उभे राहून बघत होते आणि आप्पा क्रेनवाल्याच्या शेजारी मांडीवर नारळ घेऊन बसले होते. मला हसू आलं होतं, त्याची आता लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी शोरूमला फोन लावला. चावीत चिप असते, ती गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखीची करावी लागते, एका चावीचे साडेबारा हजार. आप्पा म्हणाले, "एवढ्यात आमच्या लग्नाचं जेवान झालं, आन् वर वाजंत्री." पण पैशाने त्यांना अडवलं नव्हतं. फंडाचे पैसे हातात होते. फोनवरची मुलगी पुढे जे म्हणाली त्याने ते अडले. नवी चावी जोडताना जुन्या सगळ्या चाव्या पुसल्या जातात, म्हणाली. समोर हजर असतील तेवढ्याच पुन्हा जोडता येतात.

"म्हंजी मिल्याची?"

"ती चालणार नाही, आप्पा."

त्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन बंद केला. "ऱ्हाऊ दे गाडी हितंच."

मी सोपा मार्ग सुचवला. मिलिंदकडे चावी आहे, काकींनी फोनवर सांगितलं तर तो कुरिअरने पाठवून देईल, चहापाण्याच्या खर्चात काम होईल. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

"कुरिअरनं चावी यील, पोरगं न्हाई यायचं," ते म्हणाले. "त्या चावीपायी तरी त्याला एक डाव हितं यावं लागंल. ती बी मागून घेऊ व्हय?" मग घराकडे वळून काकींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चावीचं त्याला बोललीस तर माझी शपथ हाय."

गाडी तशीच उभी राहिली. मेकॅनिकने पट्टी घालून दार तेवढं उघडून दिलं होतं. आप्पा दर रविवारी ती धुवायचे, चाकांत हवा भरायचे, बॅटरी काढून चार्ज करून आणायचे. लोक हसायचे. गिऱ्हाइकं यायची, दोन्ही चाव्या नाहीत म्हणून भाव पाडायची. आप्पा म्हणायचे, "चाव्या दोन हायत. एक जळली, एक हैदराबादला हाय. गाडी इकायची न्हाई." आणि सकाळी डाव्या सीटवर चहा. मला त्यांचा राग यायचा. एवढा हट्टी माणूस मी दुसरा बघितलेला नाही, आणि एवढा एकटाही.

मग ताराकाकी मोरीत घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. दौंडला ऑपरेशन झालं. मिलिंदला काळजी नको म्हणून काकींनी फोनवर पाय मुरगळलाय एवढंच सांगितलं. घरी आणायच्या दिवशी एकही धड गाडी मिळेना, म्हणून टेम्पोत गादी टाकून आणलं. मी आणि आप्पा मागे त्यांना धरून बसलो होतो. प्रत्येक स्पीडब्रेकरला काकी ओरडत होत्या आणि आप्पा दर वेळी "झालं, झालं, आलं घर" म्हणत होते. घर कुठलं यायला, अजून दौंडही सुटलं नव्हतं. अंगणात टेम्पो थांबला. धुतलेली, हवा भरलेली गाडी समोरच उभी होती. काकींना आत निजवून आप्पा बाहेर आले आणि गाडीकडे न बघता मला म्हणाले, "संतू, चावी करून घे. तिला परत दाखवाय न्ह्यायचंय."

शिरूरहून चाव्या बनवणारा एक तरुण मोटारसायकलवर आला, पाठीवर मशिनची बॅग. शोरूमपेक्षा स्वस्तात करून देणार होता, तरी रक्कम लागणारच होती. त्याने वायर जोडली आणि विचारलं, "काका, चावी एकच ना?"

"दोन."

"दोन कशाला? उगाच पैसे जातील. एक तर घरातच पडून राहील."

"दोन कर. एक माझी, एक पोराची." मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "पोराकडं जुनी हाय. तिनं निदान दार तरी उघडंल का?"

"दार उघडंल की. पात्याला काय होत न्हाई. गाडी चालू व्हायची न्हाई फक्त."

"मग चालतंय," आप्पा म्हणाले.

तरुणाने बटण दाबलं. स्क्रीनवर काहीतरी अक्षरं आली नि गेली. एवढंच झालं, पण आप्पा गाडीला पाठ करून उभे राहिले आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसायला लागले. तो बिचारा शिरूरचा पोरगा मला खुणेने विचारत होता, काय झालं.

तो गेल्यावर आप्पांनी एक चावी खिशात टाकली आणि दुसरी, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. मी म्हणालो, गाडीची चावी गाडीतच कोण ठेवतं?

"मिल्या येनार. त्याच्या चावीनं दार उघडनार. आत त्याची नवी चावी घावनार. ह्यात तुला काय कळंना?" मग माझा दंड धरून म्हणाले, "मी नसलो तर माझी चावी त्याच्या हातात द्यायची न्हाई. आधी त्याची त्याला काढू दे. दार उघडू दे. मग कप्पा दाव."

त्यानंतर ते काकींना जपून दौंडला नेऊ-आणू लागले. काकी मागच्या सीटवर आडव्या, पुढची डावी सीट रिकामी. थंडीत एका सकाळी आप्पा अंगणात गाडी पुसताना खाली बसले ते उठलेच नाहीत. फडकं हातातच होतं. मिलिंद पोचला तेव्हा आम्ही सगळे त्याच्यासाठी थांबलेलो होतो. पुढचे दिवस, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत, तो गाडीच्या बाजूला फिरकलाही नाही.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी काकींना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मी गेलो तर मिलिंद अंगणात उभा. म्हणाला, "संतूदादा, गाडी चालू हाय का?" आणि खिशातून त्याने ती चावी काढली. रिमोटवरची बटणं झिजून गुळगुळीत झाली होती. आप्पांची चावी काकींच्या उशाशी होती, पण ती आणायला मी गेलो नाही.

त्याने दाराला चावी लावली. दार उघडलं. तो आत बसला, चावी फिरवली. डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकला, इंजिन गप्प. त्याने पुन्हा फिरवली, पुन्हा. मग चावी तशीच धरून म्हणाला, "बदलून घेतली व्हय आप्पांनी? बरोबर हाय. हात लावू नको म्हनले व्हते."

"मिलिंद, समोरचा कप्पा उघड."

त्याने उघडला, पिशवीतली चावी काढली. मी काचेशी वाकून त्याला सगळं सांगितलं. सूटच्या खिशापासून शिरूरच्या पोरापर्यंत. चावी मागवली असती तर चावीच आली असती, तू आला नसतास, म्हणून मागवली नाही, हेही सांगितलं.

त्याने जुनी चावी काढून नवीशेजारी तळहातावर ठेवली. "मागितली असती तर घेऊनच आलो असतो, दादा. तेवढ्याचीच तर वाट बघत व्हतो. आईला दर फोनला इचारायचो, आप्पा चावीचं काय म्हनत्यात का? ती म्हनायची, न्हाई. मी इचारलं म्हून सांगू नको, आशी तिला शपथ घातली व्हती मी."

काकी वॉकरला धरून दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "त्यांनी बी घातली, ह्यानं बी घातली," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मी कुनाची मोडायची व्हती, संतू?"

मिलिंदने डोळे पुसले, नवी चावी लावली आणि फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. रविवार न चुकवता जपलेली गाडी, ती होणारच होती. आणि मग, इंजिन चालू होताच, पूर्वीच्या सवयीने मिलिंद डावीकडे वाकला आणि हात लांबवून त्याने ते दार आतून उघडलं.

दार उघडून तो तसाच वाकून राहिला. बाहेर कुणी नव्हतं. काकींनी नाही, मी नाही, कुणीच पुढे होऊन ते दार लावलं नाही.