बेलटोल्याच्या पंपाचं डोकं

कुरखेड्याच्या बाजारचौकात सोमारी हलामीचं दुकान आहे. पाटीवर मोबाईल दुरुस्ती असं लिहिलंय, पण आत शिरलं की टेबलावर मिक्सर, फवारणीचे पंप, इन्व्हर्टरची कार्डं, जळालेल्या मोटारी, असा सगळा पसारा. गडचिरोलीहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेली ही बाई माहेरच्या बेलटोल्यात मात्र अजून 'मोबाईलले काच लावणारी बुधरीची पोरगी' म्हणूनच ओळखली जाई. ती हसण्यावारी न्यायची. पण टोचायचं ते टोचायचंच.

बेलटोला ही नऊ घरांची वस्ती. नाल्यावर सौर पंप बसला, तेव्हापासून नऊही घरांचे धानाचे पऱ्हे, रोवणीची ती कोवळी रोपं, एकाच जागी, पंपाजवळच्या बांधीच्या खाचरात टाकायची रीत पडली. पाणी तिथे आहे, राखणही एकत्र होते, आणि रोवणीच्या वेळी जो तो आपापल्या वाट्याचे पेंढे उचलून नेतो. सोय मोठी. फक्त एवढंच, की पंप बंद पडला तर एका घराचं नाही, सगळ्या टोल्याचं वर्ष बसतं.

यंदा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस जो गेला तो गेलाच. ऊन असं, की चैत्र परत आला की काय. पऱ्हे अठरा दिवसांचे झालेले, वीतभर उंच, आणि सोमवारी सकाळी पंप बंद पडला. कंपनीच्या नंबरावर एक गोड आवाज म्हणाला, पंधरा दिवसांत माणूस येईल. पंपाची समिती बघणारे सोमाजी म्हातारे फोन खिशात टाकत म्हणाले, "पंधरा दिसानं तो पऱ्हे पाह्यले येईन का तेरवी जेवाले?"

बुधवारी सकाळी आईचा, बुधरीचा फोन आला. "सोमे, तुझी ते नवी मशीन घेऊन ये वं. आमी गुंड्यांनी पाणी वायून राह्यलो, पुरत नाई."

नवी मशीन म्हणजे डिबगर. अंगठ्याएवढी डबी, एका टोकाला लॅपटॉप, दुसऱ्या टोकाच्या चार वायरी कार्डावरच्या मायक्रोकंट्रोलरला. ही चिप म्हणजे यंत्राचं डोकं. काय कधी चालवायचं, कधी थांबवायचं, ते सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. डिबगर जोडला की लॅपटॉपवरून चालत्या प्रोग्रॅमला मधेच थांबवता येतं, तो कुठल्या ओळीवर उभा आहे ते दिसतं, त्याच्या मनात त्या क्षणी कोणता आकडा आहे तोही दिसतो. सोमारीने तो दोन महिन्यांपूर्वी मागवला होता आणि अजून खऱ्या कामाला लावला नव्हता. म्हणून बोलावणं आलं तेव्हा काळजीच्या खाली कुठेतरी तिला बरंही वाटलं. आता बघा म्हणावं, काच लावणारी काय करते ते.

पंपाशी दोन डबे. मोठा डबा मोटार फिरवतो. छोट्या डब्यात हाताच्या पंजाएवढं कार्ड, ते मोठ्याला सतत विजेचे ठोके पाठवत राहतं. ठोके किती जलद, त्यावर मोटारीचा वेग. ठोके थांबले की मोटार बंद. सोमारीने बघितलं, ठोके येत नव्हते. कार्डाला वीज मिळत होती. मग बिघाड डोक्यातच, असं तिने धरलं. भोवती सगळा टोला उभा. तिने चार वायरी टोचल्या, लॅपटॉप मांडीवर घेतला.

सॉफ्टवेअरने सांगितलं, चिपला कुलूप आहे, वाचता येणार नाही. कुलूप काढायचं का? खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती.

कॉलेजच्या सरावाच्या कार्डांवर हा प्रश्न तिने शंभर वेळा बघितला होता आणि शंभर वेळा 'हो' दाबलं होतं. तिथे प्रोग्रॅम आपलाच असायचा, गेला तर पुन्हा भरायचा. बोटाला सवय तीच. तिने 'हो' दाबलं. पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली, आणि मग तिने ती बारीक ओळ वाचली. कुलूप काढताना चिपमधलं सगळं पुसलं जाईल.

तिने मेमरी उघडून बघितली. पहिल्या खान्यापासून शेवटच्या खान्यापर्यंत एकच एक अक्षर. कोरी पाटी. कंपनीने लिहिलेलं सगळं गेलं, आणि त्याची दुसरी प्रत कुरखेड्यात नव्हती, गडचिरोलीत नव्हती, कंपनीबाहेर कुठेच नव्हती.

"दिसलं काई?" सोमाजींनी विचारलं.

"पाहून राह्यली," ती म्हणाली. लॅपटॉपचा पडदा तिने स्वतःकडे वळवला.

तिने कंपनीला स्वतः फोन लावला. प्रोग्रॅम बाहेर देत नाही, कार्ड बदलून मिळेल, पंधरा दिवस. तोच गोड आवाज. फोन ठेवला तेव्हा बाया डोक्यावर पाण्याच्या गुंड्या घेऊन नाल्याकडे निघाल्या होत्या. पुढे बुधरी, चुंबळ सावरत. साठीच्या बाईने तीस खेपा केल्या तरी एका वाफ्याची माती ओली होत नव्हती.

मग सोमारीने जे केलं ते हुशारीने केलं असं म्हणता येणार नाही. दुसरा मार्गच उरला नव्हता. तिने ठरवलं, डोकं आपणच लिहायचं. मोठ्या डब्याच्या झाकणाला आतून एक माहितीपत्रक चिकटवलेलं होतं, त्यात किती ठोक्यांना किती वेग ते दिलं होतं. छोट्या कार्डाचा मात्र नकाशा नव्हता. बुधवारचा उरलेला दिवस आणि अर्धा गुरुवार तिने मीटरच्या दोन सुया घेऊन कार्डावरची एकेक तांब्याची रेघ शोधण्यात घालवला. ही रेघ पॅनलकडून येते, ही ठोके नेते, ही नाल्यातल्या पाण्याच्या सेन्सरची. टोल्यातली वीज गेलेली, लॅपटॉप पंपाच्याच पॅनलवर जोडलेला. ऊन असेतोवर काम, ऊन गेलं की हात बांधून बसायचं.

शुक्रवारी दुपारी बांधीतला हिरवा रंग पिवळ्याकडे झुकला. खालच्या वाफ्यांची टोकं सुतळीसारखी वळली. कुणी तिला काही विचारेना. तेच जास्त वाईट होतं. फक्त बिरजूमामा, बुधरीचा धाकटा भाऊ, दर तासाने येऊन बसायचा. नाल्यात जाळं टाकणारा, कमी बोलणारा माणूस.

"पोरी, भात खा थोडासा."

"मामा, नाई जात घशाखाली."

"मग पाणी तरी पे. पऱ्ह्याले नाई तं तुले तरी."

ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. मामा घाबरून उठूनच गेला.

शनिवारी सकाळी तिचा प्रोग्रॅम चिपमध्ये उतरला. डिबगरवर एकेक ओळ पुढे सरकवत तिने तो चालवला. पॅनलचं ऊन मोजलं, बरोबर. ठोक्यांची तयारी, बरोबर. मग तो एका ओळीवर येऊन अडला. नाल्यात पाणी आहे का? आकडा शून्य. म्हणजे नाही. पुन्हा चालवला. पुन्हा शून्य.

सोमाजींनी तिच्या खांद्यावरून डोकावून विचारलं, "काय म्हणते?"

"नाल्यात पाणी नाई म्हणते."

"आंधळी आहे का ते? गुडघाभर पाणी आहे."

ती एक ओळ काढून टाकली असती तर मोटार त्याच मिनिटाला फिरली असती. सोमारीचं बोट त्या ओळीपर्यंत गेलंही. पण तिच्या दुकानात दोन पंप पडलेले होते, दोन्ही कोरडे फिरून जळालेले, दोन्हींची ही तपासणी कुणीतरी घाईने काढलेली. या आठवड्यात घाईने एकदा बोट दाबून झालं होतं. तिने लॅपटॉप तसाच ठेवला आणि सेन्सरच्या वायरीमागोमाग, बांबूच्या दाट रांजीतून, नाल्याकडे चालायला लागली.

सेन्सर पाण्यात नव्हता. काठावरच्या जांभळीच्या फांदीला, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, पळसाच्या वाखाने नीट बांधून ठेवला होता. वरून प्लास्टिकची पिशवी, तिलाही गाठ. लेकराला पाळण्यात ठेवावं तसा.

ती खालीच बसली. चिपने सोमवारी जे सांगितलं ते खरं होतं. सेन्सरला पाणी लागत नाही, मी पंप चालवणार नाही. शहाण्या चिपने शहाणपणाने मोटार वाचवली, आणि तिने त्या चिपचं डोकं पुसून टाकलं. बुधवारी हीच वीस पावलं ती चालली असती तर दुपारपर्यंत बांधीत पाणी असतं.

मागे बिरजूमामा येऊन उभा होता. "ते म्याच बांधली," तो म्हणाला. "रविवारी जाळं टाकलं तं वायर अटकून राह्यली होती. तुटू नाई म्हणून वर सांभाळून ठेवली. काऊन वं, काई बिघडलं का?"

सोमारीने वाख सोडला, सेन्सर पाण्यात सोडला. परत येऊन प्रोग्रॅम चालवला. आकडा एक झाला. ठोके सुरू झाले, मोटारीने घरघर केली आणि पाइपाच्या तोंडातून आधी हवा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी बांधीत पडलं. पोरं ओरडली. मोठ्या माणसांतलं कुणी ओरडलं नाही.

बुधरी वाफ्यांतून वाकून चालत गेली. इथून एक, तिथून एक पऱ्हा उपटून मूळ बघत गेली. पांढरं मूळ म्हणजे जीव आहे. खालच्या वाफ्यांतली मुळं काळी पडलेली होती. बाहेर येऊन तिने हात धुतले. "पाच घरचं होईन," ती म्हणाली. "नवाचं नाई."

दुपारी मोहाच्या झाडाखाली माणसं बसली तोवर सेन्सरची गोष्ट सगळ्यांच्या कानी गेली होती.

"मासोळ्या पायजे होत्या याले! चार घरचं धान खाऊन बसला!"

"बोल ना बे, आता काऊन मुका झाला?"

बिरजूमामा खाली बघून मातीवर काडीने रेघा ओढत होता. "माह्या वाट्याचे पऱ्हे देऊन टाका," एवढंच म्हणाला.

सोमारी उठून उभी राहिली. कुणाला काही कळलं नसतं. चिप पुसली जाते हे या झाडाखाली तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"मामाचे दोन दिवस," ती म्हणाली. "सोमवार अन् मंगळवार. बुधवारपासूनचे तीन माहे. चिप चांगली होती. पायात काटा होता अन् म्या डोकं उघडून साफ केलं. पह्यले वायर पाह्यली असती तं बुधवारीच पाणी आलं असतं."

 मग टोल्यातल्या लहानूची बायको सीता उठली. तिचे सगळे वाफे खालच्या अंगाला होते. "तीन दिवस गुंड्या वायल्या म्या," ती म्हणाली. "मान वळत नाई माही. अन् तू सावलीत बसून टकटक करून राह्यली होती. आमी म्हटलं, आपली पोरगी शिकलेली आहे, काई तरी करून राह्यली." तिचा आवाज फाटला. "शिकलेली!"

सोमारी झाडाच्या मुळाशी खाली बसली. 

वाटणी बुधरीने सुरू केली, आपला वाटा सोडून. "आमच्या बांधीत आवत्या टाकू," ती म्हणाली. पऱ्हे न रोवता बी नुसतं फेकायचं, पीक निम्मं, तेही पाऊस आला तर. बिरजूनेही तेच सांगितलं. राहिली सात घरं आणि पऱ्हे पाचांचे. सोमाजींनी चिठ्ठ्या टाकल्या. दोन घरं बाहेर पडली. सीताचं त्यात नव्हतं, तरी ती कुणाकडे न बघता निघून गेली.

सोमारीला कुणी जा म्हणालं नाही, थांबही म्हणालं नाही. ती पंपाशी जाऊन बसली. तिने लिहिलेलं डोकं अजून एका दिवसाचंही नव्हतं. ढग आला तर ते काय करेल, सांजेला ऊन उतरलं की नीट थांबेल की मधेच अडेल, हे तिने बघितलंच नव्हतं. डिबगरच्या वायरी तशाच जोडून ती आकड्यावर नजर लावून राहिली. चारच्या सुमाराला एक ढग सूर्यावर आला. आकडा घसरला, मोटारीचा आवाज खोल गेला, पाइपाची धार करंगळीएवढी झाली.  ढग सरकला. धार हळूहळू भरली.

बांधावर पावलं वाजली. सीता होती, कमरेवर हात देऊन, मान एका बाजूला धरून. ती सोमारीकडे नाही, पाण्याकडे बघत होती.

"उद्या बी चालन का हे?"

"ठाऊक नाई," सोमारी म्हणाली. "बसून राह्यली ना मी."

सीताने पदर खोचला. मग खाली उतरून, पाण्याचा लोंढा वरच्याच वाफ्यात साचत होता तिथला मातीचा बांध तिने पायाने फोडला आणि पाणी पुढच्या वाफ्याकडे वळवलं.